पैशाच्या व्यवहारातील इंग्रजी शब्द : ओळख आणि पारख

आपल्या समाजातील कोणत्याही घरात आज इंग्रजी शब्दांची वानवा नाही. बँक, चेक, पासबुक, लोन, ईएमआय, डिस्काउंट, ऑफर, गॅरंटी हे शब्द शाळेचा उंबरठा कधी न ओलांडलेल्या आजीच्याही तोंडी आहेत. शब्द घरात आले. परंतु त्यांचा नेमका अर्थ त्यांच्यासोबत आला काय, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. 'क्रेडिट' हा एकच शब्द पाहा. मोबाइलवर 'खात्यात रक्कम क्रेडिट झाली' असा संदेश येतो तेव्हा पैसे आपले झालेले असतात. 'क्रेडिट कार्ड' वापरतो तेव्हा मात्र पैसे दुसऱ्याचे असतात आणि ते परत करावयाचे असतात. शब्द तोच, एके ठिकाणी जमा, दुसऱ्या ठिकाणी उधारी. हा भेद ज्याला कळत नाही, त्याची फसवणूक करण्यासाठी कोणी खोटे बोलण्याचीही गरज उरत नाही.

शाळेत आपण इंग्रजी शिकतो ती बहुधा गुणपत्रिकेसाठी. पैसा, व्यापार आणि खरेदी यांतील इंग्रजी शब्द मात्र शाळा सुटल्यानंतर आयुष्यभर पुरतात. हे शब्द कोणते, त्यांत कोठे ठेच लागते आणि ते कसे शिकावेत, याचा विचार या लेखात केला आहे. तो जितका आज शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, तितकाच माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठीही आहे.

न वाचलेल्या कागदाचा इतिहास

१८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. पुणे जिल्ह्यातील सुपे या गावापासून सुरू झालेला हा उठाव इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणून ओळखला जातो. त्यात शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या घरातील कर्जरोख्यांवर होता; ते रोखे हिसकावून जाळण्यात आले. ज्या कागदावर अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे, हे बहुतेकांना वाचता येत नव्हते. पुढे १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या काळी तो कागद मोडी लिपीत होता. आज तो इंग्रजीत आहे, आणि पुष्कळदा मोबाइलच्या पडद्यावर आहे. अंगठ्याची जागा 'आय अॅग्री' या बटणाने घेतली आहे. कागद बदलला, पण न वाचता बांधले जाण्याचा धोका बदललेला नाही.

ऋणाचे हे स्वरूप तथागतांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. अंगुत्तर निकायातील इण सुत्तात दारिद्र्य, त्यातून कर्ज, कर्जावर व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन अशी एकामागून एक येणारी पायरी वर्णिली आहे. पाली भाषेत व्याजाला 'वड्ढि' म्हणतात. आपल्याकडील 'वाढीदिढी' या शब्दातील 'वाढी' त्याच कुळातली. आजच्या कर्जाच्या कागदावरील 'लोन', 'इंटरेस्ट', 'ड्यू', 'ओव्हरड्यू', 'डिफॉल्ट' आणि 'रिकव्हरी' हे शब्द क्रमाने मांडले, तर तीच उतरंड इंग्रजीत उभी राहते.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इंग्रजी आत्मसात केली ती केवळ वक्तृत्वासाठी नव्हे. अर्थशास्त्र हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी भारतीय चलनासंबंधी साक्ष दिली. ज्या समाजाला संपत्ती बाळगण्याचाच अधिकार नाकारला गेला होता, त्या समाजातील एक विद्वान देशाच्या चलनाची चिकित्सा राज्यकर्त्यांच्या भाषेत करीत होता. त्या वारशाची पहिली पायरी आपल्या घरातील कर्जाचा कागद समजून घेणे ही आहे.

प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न

पैशाचा शब्द शब्दकोशातील प्रतिशब्द पाठ करून पुरता कळत नाही. 'लोन म्हणजे कर्ज' एवढे सर्वांनाच ठाऊक असते. त्याऐवजी प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारावेत. पैसा कोणाकडून कोणाकडे जातो? तो कधी जातो? आणि कोणत्या अटीवर जातो? दिशा, काळ आणि अट या तीन कसोट्यांवर शब्द घासून पाहिला की त्याचा अर्थ पक्का होतो.

दिशा दाखवणारे शब्द

मराठीत आपण 'उसने घेतले' आणि 'उसने दिले' असे म्हणतो. 'उसने' हा शब्द कायम राहतो, फक्त क्रियापद बदलते. इंग्रजीत मात्र यासाठी दोन निराळी क्रियापदे आहेत. घेणारा 'बॉरो' करतो, देणारा 'लेंड' करतो. त्यामुळे घेणारा तो 'बॉरोअर' आणि देणारा तो 'लेंडर'. कर्जाच्या करारात पानोपानी हे दोन शब्द येतात आणि त्यांची अदलाबदल झाली तर सारा करार उलटा वाचला जातो. मराठीतील एक बारकावा येथे ध्यानात ठेवावा. आपण बिनव्याजी हातउसने, दुकानातील उधार आणि व्याजाचे कर्ज असे तीन भेद करतो. इंग्रजीत उधारीला 'क्रेडिट', तर कर्जाला 'लोन' म्हणतात. 'क्रेडिट' या शब्दाचे मूळ विश्वास ठेवणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. आपली 'पत'ही विश्वासच सांगते. म्हणूनच 'क्रेडिट सोसायटी'ला आपण 'पतसंस्था' म्हणतो.

बँकेत 'डिपॉझिट' म्हणजे भरणा आणि 'विथड्रॉवल' म्हणजे पैसे काढणे. 'डेबिट' म्हणजे खात्यातून रक्कम गेली, 'क्रेडिट' म्हणजे आली. पण घर भाड्याने घेताना देतो ते 'डिपॉझिट' म्हणजे अनामत. तेथे पुढचा शब्द वाचावा. 'रिफंडेबल' असेल तर रक्कम परत मिळणार, 'नॉन-रिफंडेबल' असेल तर नाही. एका छोट्या उपसर्गावर काही हजार रुपये अवलंबून असतात.

शब्दाच्या शेपटीकडेही लक्ष असावे. 'पेयर' म्हणजे पैसे देणारा, 'पेयी' म्हणजे घेणारा. 'एम्प्लॉयर' म्हणजे काम देणारा, 'एम्प्लॉयी' म्हणजे काम करणारा. धनादेशावर दोन समांतर रेघा ओढून 'अकाउंट पेयी' असे लिहिले, की ती रक्कम ज्याचे नाव आहे त्याच्या खात्यातच जमा होते. कोणालाही ती खिडकीवर रोख मिळत नाही. 'बिल' आणि 'रिसीट' यांतही दिशेचाच फरक आहे. बिल पैसे मागते. रिसीट पैसे पोहोचल्याचे सांगते. आपला 'पावती' हा शब्द 'पावणे' या क्रियापदावरून आला, आणि इंग्रजी 'रिसीट'ही मिळणे याच अर्थाच्या धातूवरून. म्हणून पैसे दिल्यावर बिल हाती असणे पुरेसे नाही. त्यावर 'पेड' असा शेरा हवा अथवा पावती हवी.

मोबाइलवरील व्यवहारात दिशेचे भान सर्वांत अधिक लागते. 'पे' म्हणजे देणे आणि 'रिसीव्ह' म्हणजे घेणे. 'तुम्हाला पैसे पाठवतो, फक्त पिन टाका' असे सांगून पुष्कळांना लुबाडले जाते. यूपीआयवर पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन विचारला गेला, की पैसे आपल्याकडून निघाले असे समजावे. हा एक नियम प्रत्येक वृद्ध मातापित्याला घरातील शिकत्या मुलाने समजावून सांगावा.

काळ सांगणारे शब्द

'ॲडव्हान्स' म्हणजे काम होण्यापूर्वी मिळालेली रक्कम. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुकादमाकडून घेतात त्या 'उचल'चा हा सख्खा भाऊ. ॲडव्हान्स मिळाला म्हणजे कमाई झाली असे नव्हे. ती कमाई अजून फेडावयाची असते. 'ड्यू डेट' म्हणजे रक्कम भरण्याची अखेरची तारीख. ती उलटली की रक्कम 'ओव्हरड्यू', म्हणजे थकीत होते आणि दंड सुरू होतो. क्रेडिट कार्डाच्या बिलावर 'टोटल ड्यू' आणि 'मिनिमम ड्यू' असे दोन आकडे असतात. लहान आकडा भरला की विलंबशुल्क टळते, परंतु उरलेल्या रकमेवर व्याज चढतच राहते. 'मिनिमम' हा शब्द सवलत वाटतो. प्रत्यक्षात तो कर्ज लांबवण्याचा मार्ग आहे.

शैक्षणिक कर्ज घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी 'मोरेटोरियम' हा शब्द अवश्य शिकावा. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर काही काळ हप्ते भरावे लागत नाहीत, त्या मुदतीला हे नाव आहे. हप्ता थांबतो याचा अर्थ व्याज थांबते असा नाही. व्याज केव्हापासून मोजले जाणार, हे कर्ज घेतानाच विचारून घ्यावे.

अट लपलेले शब्द

कित्येक शब्द दिसायला साधे, पण अट पोटात ठेवणारे असतात. दुकानावरील फलकावर '५० टक्के' हे अक्षर मोठे आणि त्याआधीचे 'अप टू' अगदी बारीक असते. 'अप टू' म्हणजे 'पर्यंत'. एखाद्याच वस्तूवर ५० टक्के सूट आणि बाकीच्यांवर ५ टक्के असली, तरी तो फलक खोटा ठरत नाही. 'फ्लॅट ५० टक्के' असे लिहिले असेल तर मात्र सरसकट निम्मी सूट.

हाच 'फ्लॅट' शब्द खरेदीत ग्राहकाच्या बाजूचा असतो आणि कर्जात त्याच्या विरुद्ध जातो. समजा १२,००० रुपयांचे कर्ज १२ टक्के दराने एका वर्षासाठी घेतले. 'फ्लॅट रेट' असेल तर पूर्ण वर्षभर मूळ १२,००० रुपयांवरच व्याज आकारले जाते. ते १,४४० रुपये होते आणि दरमहा हप्ता १,१२० रुपये पडतो. 'रिड्युसिंग बॅलन्स' असेल तर प्रत्येक हप्त्यानंतर जेवढे मुद्दल उरले तेवढ्यावरच व्याज लागते. मग हप्ता सुमारे १,०६६ रुपये आणि वर्षाचे एकूण व्याज सुमारे ७९४ रुपये होते. दर तोच, मुदत तीच, तरी केवळ एका शब्दामुळे व्याज जवळजवळ दुप्पट. म्हणून 'व्याज किती टक्के?' एवढे विचारून थांबू नये. 'फ्लॅट की रिड्युसिंग?' हा प्रश्न लगेच विचारावा.

'गॅरंटर' म्हणजे जामीनदार. स्नेहापोटी, भावकीपोटी आपण या शब्दाखाली सही करतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, करारात निराळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'फक्त साक्षीला सही करा' असे म्हटले जाते, तेव्हा त्या रकान्यावर 'विटनेस' लिहिले आहे की 'गॅरंटर', हे पाहिलेच पाहिजे. 'गॅरंटी' आणि 'वॉरंटी' हे शब्दही असेच. बाजारात गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणे आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्ती करून मिळणे असे ढोबळमानाने समजतात. परंतु दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा कार्डावर काय छापले आहे तेच अखेर ग्राह्य धरले जाते.

बाजारातील आणि व्यवसायातील शब्द

'एमआरपी' म्हणजे कमाल किरकोळ किंमत, तीही सर्व करांसह. आवेष्टित वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या नियमांनुसार किरकोळ विक्रेत्याला त्याहून अधिक किंमत घेता येत नाही. कमी मात्र घेता येते. म्हणजे एमआरपी ही वस्तूची ठरलेली किंमत नसून तिची वरची मर्यादा आहे. ज्याला 'मॅक्झिमम' या शब्दाचा अर्थ कळला, त्याला भाव करण्याचा हक्कही कळला. तक्रार करावयाची असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाकिटावरील 'नेट क्वांटिटी' म्हणजे वेष्टन वगळून आतील मालाचे माप. 'एक्स्पायरी डेट' उलटलेली वस्तू वापरू नये. 'बेस्ट बिफोर' ही तारीख वस्तूचा उत्तम दर्जा कोठवर टिकतो ते सांगते.

मराठीतील 'किंमत' या एका शब्दासाठी इंग्रजीत तीन शब्द वेगळे करावे लागतात. ग्राहक देतो ती 'प्राइस', वस्तू तयार करण्यास लागतो तो खर्च म्हणजे 'कॉस्ट', आणि वस्तूचे मोल म्हणजे 'व्हॅल्यू'. स्वस्त वस्तूला 'चीप' म्हणताना जपावे, कारण त्यात हलक्या दर्जाची छटा येते. 'अफोर्डेबल' म्हणजे परवडणारी, हा शब्द अधिक सभ्य.

व्यवसाय सुरू करणाऱ्यांनी 'टर्नओव्हर' आणि 'प्रॉफिट' यांत गल्लत करू नये. समजा एखाद्या महिला बचत गटाने महिन्याला १०,००० रुपयांचे पापड विकले. ती झाली उलाढाल, म्हणजे टर्नओव्हर. कच्च्या मालाला ६,५०० रुपये लागले. उरलेले ३,५०० हा ढोबळ नफा, म्हणजे 'ग्रॉस प्रॉफिट'. त्यातून वेष्टन, वाहतूक आणि भाडे यांचे २,००० रुपये वजा केले की १,५०० रुपये निव्वळ नफा, म्हणजे 'नेट प्रॉफिट' उरतो. १०,००० रुपये हाती आले म्हणून खर्च करीत राहिल्यास चांगला चाललेला व्यवसायही बुडतो. तसेच 'कोटेशन' म्हणजे दरपत्रक, 'इन्व्हॉइस' म्हणजे मालाचे बिल, 'कोलॅटरल' म्हणजे तारण आणि 'मार्जिन मनी' म्हणजे कर्जाखेरीज स्वतः घालावयाची रक्कम. शासकीय योजनांच्या अर्जांत हे शब्द हटकून भेटतात.

शिकावे कसे?

यासाठी महागडे वर्ग लावण्याची गरज नाही. घरातील कागद हेच पाठ्यपुस्तक. वीजबिल, पासबुक, औषधाची पावती, बिस्किटाचा पुडा, एसटीचे तिकीट, यांतून रोज दोन शब्द उतरवून घ्यावेत. वहीत शब्दापुढे दिशा, काळ आणि अट असे तीन रकाने आखावेत. दहा मिनिटांच्या या सवयीने वर्षभरात सातशेहून अधिक शब्द वहीत येतात.

शब्द एकटा न शिकता त्याच्या सोबत्यांसह शिकावा. 'पे' हे क्रियापद फी, बिल, दंड आणि हप्ता यांच्यासोबत येते. दुकानदाराला पैसे देताना 'पे' नंतर थेट दुकानदार येतो. वस्तूसाठी देताना मात्र मध्ये 'फॉर' लागतो. खर्च करण्यासाठी 'स्पेंड' वापरले, की त्यानंतर 'ऑन' येतो. धनादेशावर रक्कम अक्षरी लिहिताना 'फोर्टी' या शब्दात 'यू' हे अक्षर नसते, आणि रकमेच्या शेवटी 'ओन्ली' लिहितात, जेणेकरून पुढे कोणाला काही वाढवता येऊ नये. परदेशी कागदांत 'मिलियन' भेटला तर तो दहा लाख, आणि दहा मिलियन म्हणजे एक कोटी.

वसतिगृहात आठवड्यातून एकदा दुकान मांडावे. एकाने विक्रेता, दुसऱ्याने ग्राहक, तिसऱ्याने बँकेचा रोखपाल व्हावे. बिल लिहावे, पावती द्यावी, भरणा-पावती भरावी. बँका, विमा आणि व्यापार यांत कार्यरत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस शाळेला द्यावा आणि खरे कोरे अर्ज मुलांकडून भरून घ्यावेत.

आणखी एक गोष्ट. इंग्रजी शिकणे म्हणजे मराठीची लाज बाळगणे नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०२४ साली दिलेल्या निर्देशांनुसार किरकोळ कर्जदाराला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक, त्याला समजणाऱ्या भाषेत देणे बंधनकारक आहे. 'मला हे मराठीत द्या' असे बँकेत निःसंकोच म्हणावे. इंग्रजी शब्द माहीत असणाऱ्यालाच त्या पत्रकात काय शोधावे हे कळते, आणि आपला हा हक्क मागण्याचे धैर्यही त्याच्याच अंगी येते.

ऋणमुक्तीचे सुख

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. संपत्ती असण्याचे सुख, तिचा योग्य उपभोग घेण्याचे सुख, कोणाचे ऋण नसण्याचे सुख, आणि निर्दोष आचरणाचे सुख. या चौथ्याला त्यांनी सर्वांत श्रेष्ठ मानले. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असेही त्यांनी सांगितले. 'प्रॉफिट' हा शब्द नफा किती झाला ते सांगतो. तो कोणत्या मार्गाने झाला हे सांगत नाही. ते पाहण्याचे काम शीलाचे. शब्दांचे ज्ञान आपल्याला दुसऱ्याच्या फसवणुकीपासून वाचवते, आणि शील दुसऱ्याला आपल्यापासून.

म्हणून या शाळेतील प्रत्येक मुलामुलीला पालकांनी पुढच्या सुटीत एक काम द्यावे. घरातील कर्जाचा, विम्याचा किंवा पतसंस्थेचा एखादा कागद त्यांच्यासमोर ठेवावा आणि तो आईवडिलांना मराठीत समजावून सांगावयास लावावे. जो शब्द अडेल त्याखाली रेघ ओढावी आणि तो विचारण्यासाठी शिक्षकांकडे अथवा बँकेत जावे. सहीचा हात पुढे करावा तो त्यानंतरच.